देवाशी समेट आणि मनाची शांती: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न उपासनेनंतर चर्चच्या आवारात विचारले गेले आहेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारले गेले आहेत, आणि पुष्कळदा घरातले झोपल्यावर फोनवर, हळू आवाजात. विचारणाऱ्यांत ख्रिस्ती घरातले लोक आहेत, तसे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला न चुकता जाणारेही आहेत. उत्तरं ख्रिस्ती विश्वासातून दिली आहेत. जिथे बायबलचा संदर्भ आहे तिथे तो स्वतः उघडून वाचावा, आमच्या शब्दावर थांबू नये.

आमचं देवाशी भांडण झालेलंच नाही. मग समेट कशाचा?

देवाला शिव्याशाप देणारे थोडेच असतात. बाकीच्यांना तो हवा असतो, पण ठरावीक जागी. आपल्या पैशाच्या व्यवहारात, रागात, घरातल्या वागणुकीत त्याने बोलू नये अशी आपली इच्छा असते. संकट आलं की हाक मारायची, टळलं की आपली वाट धरायची. बायबलच्या दृष्टीने हाच दुरावा आहे. ज्याने आपल्याला घडवलं त्याला बाजूला ठेवून जगणं हे मूळ पाप, आणि खोटेपणा, व्यसन, व्यभिचार, जातीचा माज, गरिबाची मजुरी दाबणं हे सगळं त्यातून उगवतं. मनाला टोचणी लागते, मरणाची भीती वाटते, एकटं असताना पोकळ वाटतं, याचं खोलवरचं कारण तिथे आहे असं आम्ही मानतो.

मी कुणाचं वाईट केलेलं नाही. कष्ट करून खातो. मी पापी कसा?

विडी वळणाऱ्या बायका कारखान्यात माल जमा करतात तेव्हा तपासणारा एकेक कट्टा उलटून पाहतो, खराब विड्या बाजूला काढतो आणि उरलेल्यांची मजुरी लावतो. देवाचंही असंच असणार अशी पुष्कळांची समजूत असते: चांगली कर्मं जास्त भरली की झालं. या समजुतीत शांती सापडत नाही, कारण किती भरली हे जिवंतपणी कुणालाच कळत नाही. शेवटपर्यंत धाकधूक राहते.

प्रभू येशूने दोन माणसांची गोष्ट सांगितली (लूक १८:९–१४, म्हणजे बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा अध्याय १८, वचनं ९ ते १४). दोघं मंदिरात प्रार्थनेला गेले. एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आठवड्यातून दोनदा उपास करणारा, उत्पन्नाचा दशमांश देणारा. तो देवाला आपला हिशोब वाचून दाखवतो. दुसरा जकातदार, लोकांना लुबाडणारा म्हणून बदनाम. तो लांब उभा राहून छाती बडवतो आणि दयेची याचना करतो. देवाच्या नजरेत नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा. परूशी वाईट माणूस होता असं येशू म्हणत नाही. पण त्याला देवाकडून काही नकोच होतं.

म्हणून स्वतःची तुलना शेजाऱ्याशी करू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानातला, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातला, पाचवा अध्याय वाचा. खुनाबरोबर मनातला राग आणि व्यभिचाराबरोबर वासनेची नजर येशू तिथे उघडी करतो. तो अध्याय प्रामाणिकपणे वाचल्यावर ‘मी पापी कसा’ हा प्रश्न सहसा टिकत नाही.

येशू दोन हजार वर्षांपूर्वी परक्या देशात मेला. त्याचा सोलापुरातल्या माझ्याशी काय संबंध?

सगळं या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

येशूला यरुशलेमेत रोमी सुभेदार पंतय पिलात याच्या हुकुमाने वधस्तंभावर खिळलं. गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी ही शिक्षा. पिलाताला त्याच्यात दोष सापडला नव्हता, हे लूकने नोंदवून ठेवलं आहे. मग हा निरपराधी माणूस कशासाठी मेला? पहिल्या शतकात येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाचं उत्तर असं आहे की देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता आणि माणसांचे अपराध त्यांच्या नावावर मांडत नव्हता (२ करिंथकर ५:१९).

माफी कधीच फुकट नसते. ज्याचे पैसे बुडाले त्याने ‘जाऊ दे’ म्हटलं तर नुकसान नाहीसं होत नाही, ते त्याच्या खिशातून गेलेलं असतं. देव न्यायी आहे. विधवेची जमीन लुबाडणाऱ्याला, लेकराच्या अंगावर हात टाकणाऱ्याला त्याने ‘असू दे’ म्हणून सोडावं असं आपल्यालाही वाटत नाही. पण तोच न्याय माझ्या दाराशी आला तर मी तरी कुठे उभा राहणार? वधस्तंभावर देवाने न्याय सोडला नाही आणि माणसालाही सोडलं नाही. अपराधाचा भार त्याने स्वतः उचलला. आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला, हे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात येशूच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी लिहिलेलं आहे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. रागावलेल्या देवाला शांत करण्यासाठी तिसऱ्याच कुणाचा तरी बळी दिला गेला, असं शुभवर्तमान, म्हणजे येशूबद्दलची ही आनंदाची बातमी, सांगत नाही. येशू देवाचा पुत्र आहे, त्याच्या रूपाने देव स्वतः आला. ज्याचा अपराध झाला त्यानेच पहिलं पाऊल टाकलं, आणि तेही आपण अजून वैरी असताना (रोमकर ५:१०). आपण सुधारलो म्हणून तो आला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. हे खरं नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौल स्वतःच सांगतो (१ करिंथकर १५:१७). पण तो उठला आहे, म्हणून सोलापुरातल्या खोलीत बसून तुम्ही त्याच्याशी बोललात तर ऐकणारा जिवंत आहे.

नवस, उपास, वारी यांनी शांती मिळत नाही का?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. उन्हापावसात चालत जाणाऱ्या माणसाच्या तळमळीची थट्टा आम्ही कधीही करणार नाही, आणि कुणी ख्रिस्ती माणूस करत असेल तर तो चुकतो आहे. ती तळमळ खरी असते.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मले. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी माणसाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते असे धरले गेले की पुस्तक खाली ठेववेना. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी, घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते म्हणत, आणि पुढे ख्रिस्ताची गाणीही त्यांनी अभंगातच लिहिली.

फरक एवढाच सांगतो: आपल्या कष्टांनी देवापर्यंत पोहोचायचं, इथून आपण सुरुवात करतो. शुभवर्तमान सांगतं की देव आपल्यापर्यंत आला आहे आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, हे त्याचं दान आहे, कर्मांची कमाई नाही (इफिसकर २:८–९). ख्रिस्ती लोकही हे विसरतात. चाळीस दिवसांचे उपास आणि दर रविवारची हजेरी ते नवसासारखी मोजायला लागतात. त्यांनाही हेच उत्तर आहे.

दान म्हणजे मग कसंही वागलं तरी चालतं?

नाही. ज्याला खरोखर माफी मिळाली त्याला जुन्या गोष्टी गोड लागत नाहीत. लागल्याच तर तो पुन्हा देवाकडे धावतो. जक्कय जकातदाराचं पाहा (लूक १९). येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयने अजून एक पैसाही परत केलेला नव्हता. येशू घरी आल्यावर मात्र त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट द्यायचं कबूल केलं. हा क्रम उलटा करू नका.

नेमकं करायचं काय? मला साधं सांगा.

एकांतात बसा. घर लहान असेल तर गच्चीवर जा, तलावाच्या काठी बसा, मोकळ्या चर्चमध्ये बसा. देवाला आपली पापं नाव घेऊन सांगा. ‘चुकलंमाकलं माफ कर’ एवढ्यावर भागवू नका. जे लपवलं आहे तेच बोला. मग येशूने वधस्तंभावर जे केलं ते माझ्यासाठी केलं, यावर भरवसा टाका आणि इथून पुढचं आयुष्य त्याच्या हाती द्या. शब्द सुचत नसतील तर असं म्हणा:

‘हे देवा, मी तुझ्यापासून दूर गेलो. हे हे पाप माझ्या हातून झालं आहे. मी ते झाकत नाही. प्रभू येशू, तू माझ्यासाठी मेलास आणि उठलास, यावर मी विश्वास ठेवतो. मला क्षमा कर, आपलंसं कर, तुझा पवित्र आत्मा मला दे. आजपासून मी तुझा आहे. आमेन.’

हे शब्द म्हणजे मंत्र नव्हे. तोतरे, तुटक, रडत बोललेले चार शब्दही पोहोचतात. भजनं शुद्ध मराठीत म्हणता येत नाहीत म्हणून कुणी मागे राहतं, ते पाहून वाईट वाटतं. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असाल तर त्याच भाषेत प्रार्थना करा. आईशी ज्या भाषेत बोलता तीच देवाशी बोलायला चांगली.

देव मला स्वीकारेल कशावरून? माझं पाप सांगण्यासारखंही नाही.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागून घेतो, परदेशात सगळं उडवतो आणि शेवटी डुकरं राखायला लागतो. घरी परतताना तो बोलायचं पाठ करून ठेवतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळचा प्रतिष्ठित म्हातारा, सगळ्या गावादेखत धावतो. मुलगा बोलायला लागतो, पण मजुरीचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप त्याआधीच चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो.

तुम्हीही ते मजुरीचं वाक्य मनात घोळवत असाल. सेवा करीन, दान देईन, मग कदाचित माझं नाव लागेल. तुम्हाला ते वाक्य पुरं करू दिलं जाणार नाही.

येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं. पौलाने आधी विश्वासणाऱ्यांचा छळ केला होता. येशूच्या शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराकडे तर सुधारून दाखवायला वेळही उरला नव्हता, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. तुमच्या पापाचं नाव मला ठाऊक नाही, पण ते त्याच्या क्षमेपेक्षा मोठं नाही हे मी खात्रीने सांगतो. पाप कायद्याने गुन्हा असेल तर मात्र देवाकडची क्षमा ही पोलिसांपासून लपण्याची सोय होत नाही. कबुलीला सामोरं जायचं बळ तीच देते.

मी प्रार्थना केली, पण काहीच वाटलं नाही. शांती कुठे आहे?

देवाशी झालेली शांती आणि मनाला जाणवणारी शांती या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. पहिली नात्याची आहे: विश्वासाने नीतिमान ठरलेल्यांचा देवाशी आता वैरभाव उरलेला नाही (रोमकर ५:१). ती ख्रिस्ताने केलेल्या कामावर उभी आहे, म्हणून तुमच्या मनाच्या चढउताराने ती हलत नाही. दुसरी हळूहळू येते, कधी लपते, पुन्हा येते. काहींना पहिल्याच रात्री हलकं वाटतं, काहींना वर्ष लागतं. फिलिप्पैकरांना बुद्धीपलीकडच्या शांतीबद्दल लिहिणारा पौल त्या वेळी कैदेत होता.

इतकी प्रार्थना करूनही झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, छाती धडधडते, असं दिवसेंदिवस चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. मनाचाही आजार असतो. विश्वास कमी पडला म्हणून तो होतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा फोनवर मोफत बोलते, मराठीतही.

मी ख्रिस्ती घरातच जन्मलो. लहानपणी बाप्तिस्मा, संडे स्कूल, सगळं झालं. तरी आत कोरडंच आहे.

तुम्ही एकटे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. शास्त्र जाणणारी, विधवांसाठी आयुष्य वाहिलेली ही बाई. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ज्याच्यामुळे त्या धर्मात जीव आहे तो ख्रिस्त अजून मिळालेला नाही. त्यांनी स्वतःला त्याच्या हाती सोपवलं आणि त्यानंतरच्या आनंदाबद्दल मोकळेपणाने लिहिलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यापुढच्या काळातलं.

आजोबांनी विश्वासासाठी सोसलं, वडील पंचकमिटीत होते, आपण गायनमंडळात आहोत, हे सगळं चांगलं आहे. पण आजोबांचा विश्वास वारसाहक्काने मिळत नाही. वर दिलेली प्रार्थना तुमच्यासाठीही आहे.

ज्याने माझं आयुष्य नासवलं त्यालाही माफ करायचं?

हा प्रश्न बहुतेक बायका विचारतात, आणि विचारताना त्यांच्या हातावर वळ असतात. म्हणून उत्तर जपून द्यायला हवं.

होय, येशू क्षमा करायला सांगतो, आणि ज्याला क्षमा मिळाली त्याने ती अडवून ठेवू नये. पण क्षमा म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे. क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणं. एकत्र नांदायचं तर समोरच्याने पश्चात्ताप करावा लागतो आणि तो वागणुकीत दिसावा लागतो. दारू पिऊन मारणारा नवरा रविवारी चर्चमध्ये रडला म्हणून सोमवारी सगळं ठीक होत नाही. ‘सहन कर, प्रभू बदलेल’ असं सांगून बाईला त्याच घरात परत पाठवणारे वडीलधारे देवाच्या नावाने अन्याय करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तुम्हाला संरक्षण आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२. तक्रार करूनही क्षमा करता येते.

क्षमा एका दिवसात होत नसेल तर ‘मला जमत नाही’ असंच देवाला सांगा. तीही प्रार्थनाच आहे.

भावाशी शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे. याचा देवाशी काय संबंध?

फार आहे. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं येशू सांगतो (मत्तय ५:२३–२४). कोर्टात दावा असेल तर हक्क सोडा असं मी म्हणत नाही. पण त्याच्या पोरांच्या लग्नाला जा. त्याच्या घरी आजारपण आलं तर दारात उभे राहा. आपली चूक असेल तेवढी तरी ‘पण’ न लावता कबूल करा. त्याने हात पुढे केला नाही तर तुमच्याकडून जमेल तेवढं तुम्ही केलं, आणि बायबल मागतं तेवढंच (रोमकर १२:१८).

धर्म, नाव, जात बदलावी लागेल? आरक्षणाचं काय?

येशूवर विश्वास ठेवायला सरकारी कागद लागत नाही, नाव बदलावं लागत नाही. साडी, कुंकू, कडक भाकरी, अभंगाची चाल यांतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे बायबल वाचता वाचता, देवापुढे ठरवा. घाईने कुणी लादू नये.

आरक्षणाबद्दल मात्र कुणी अंधारात राहू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. हा नियम दलित ख्रिस्ती लोकांवर अन्याय करणारा आहे असं आम्हाला वाटतं, पण तो आहे. मुलाचं शिक्षण, नोकरी यांचा विचार करून, जाणत्या वकिलाला विचारून पाऊल टाका. हे न सांगता बाप्तिस्मा देणारा पाळक आपलं काम नीट करत नाही.

घरचे विरोध करतात. काय करू?

वाद घालू नका. देवघराची टिंगल करू नका, सणाला घर सोडून जाऊ नका. कवी टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्यांना कुणी ओढून आणलं नाही. त्या स्वतःच्या पायांनी परत आल्या आणि पुढे स्वतःच्या विश्वासाने ख्रिस्ती झाल्या. घरच्यांना तुमच्या बोलण्यापेक्षा तुमचा राग कमी झालेला दिसू द्या.

विश्वास ठेवला की आजार बरा होतो, कर्ज फिटतं असं म्हणतात. खरं का?

देव बरं करतो, यावर आमचा विश्वास आहे, आणि आम्ही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण तसा करार त्याने केलेला नाही. गोळ्या, इन्सुलिन, डायलिसिस बंद करायला सांगणाऱ्यापासून दूर राहा. बचत गटाचा हप्ता न भरता ते पैसे ‘आशीर्वादासाठी’ मागणाऱ्यापासून त्याहून दूर राहा. जो समेट देवाने आपल्या पुत्राच्या रक्ताने केला, त्याची पावती फाडायचा अधिकार कुणालाही नाही.

सोलापुरात कुठे जावं?

इथली ख्रिस्ती मंडळी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी इथे काम सुरू केलं. त्या परंपरेतल्या मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या, जिची स्थापना १९७० मध्ये नागपुरात झाली. कॅथलिक चर्च आहे, स्वतंत्र मंडळ्या आहेत, तेलुगूत उपासना करणारेही आहेत. पाटी पाहून निवडू नका. तिथे येशूबद्दल बोललं जातं की पाळकाबद्दल, पैशाचा हिशोब सगळ्यांपुढे मांडला जातो का, धुणीभांडी करणारी बाई आणि प्राध्यापक एकाच बाकावर बसतात का, प्रश्न विचारला तर रागावतात का, हे पाहा. दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसलात तरी कळेल.

बायबल कुठून वाचायला सुरुवात करू?

लूकपासून. रोज एक अध्याय, चोवीस अध्याय आहेत. मग रोमकरांस पत्राचे पहिले आठ अध्याय, शक्यतो कुणाबरोबर बसून, कारण ते एकट्याला जड जातात. पाप मनाला टोचत असेल तर स्तोत्र ३२ आणि ५१. डोळ्यांना त्रास असेल किंवा वाचता येत नसेल तर मोबाइलवर मराठी बायबल ऐकायला मिळतं. घरातल्या शाळकरी मुलाला लावून द्यायला सांगा, आणि तोही ऐकत बसला तर बसू द्या.